सहाव्या पोर्टवरचे चार अंश

सोमवार, ३ फेब्रुवारी

…दूध उतरवलं, ह्यांचा डबा भरला, कुंडी उन्हात सरकवली आणि चहाचा कप ह्यांच्यासमोर ठेवला. कप जागचा हलला नाही. चहा निवला. दुसरा करू का, विचारलं. नको, म्हणाले. बस्स. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या सकाळी अशाच गेल्या. माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटायचं. विचारलं की एकच उत्तर — काही नाही. आणि मग सप्टेंबरात छातीत कळ येऊन गेलेच. त्याला आता सतरा महिने झाले. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आज हे सगळं वर आलं, कारण गोदामातला ह्यांचा कॉम्प्युटर जळाला. औषधांच्या आठ थंड खोल्या, प्रत्येकीत एक तापमापक, आठांच्या तारा त्या एका कॉम्प्युटरला, आणि सगळे आकडे पडद्यावर आणणारा प्रोग्राम ह्यांनी लिहिलेला. मी तिथे नोंदवही ठेवते. आता स्वेटर घालून तासातासाला आठही खोल्यांत फिरते आहे.

मालक म्हणाले, नवीन कंपनीची तयार यंत्रणा बसवू. मी म्हटलं, मी करून बघते. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारपर्यंत बघा. त्यापुढे माझा इलाज नाही."

ह्यांच्या हातचं चालू असलेलं एवढंच उरलंय. ते कसं जाऊ द्यायचं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याने नवा कॉम्प्युटर आणला, आत आठ पोर्टांचं कार्ड बसवलं. प्रत्येक खोलीच्या तारेला एक पोर्ट, म्हणजे तार खोचायची जागा. कॉम्प्युटरला हे कार्ड ओळखता यावं म्हणून सोबत ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम येतो. तो टाकला. "काकू, माझं काम इथवर. प्रोग्रामचं तुम्ही आणि काका बघून घ्या," म्हणाला, आणि मग जीभ चावली. मी हसले, तेव्हा बिचारा सुटला. जुनी डिस्क घेऊन गेलाय, काही वाचतंय का बघतो म्हणाला.

ह्यांच्या प्रोग्रामची एक प्रत घरी कपाटात होती. जुनी आहे, पण आहे.

माझी शाळा सातवीपर्यंतची. पण हे गेल्यावर ह्यांची पुस्तकं वाचायला घेतली — आधी नुसती जवळ असावीत म्हणून, मग खरंच. शब्दकोश मांडीवर घेऊन. पहिलं पुस्तक आठ महिने पुरलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

एकही पोर्ट उघडत नाही. घरी येऊन सगळी भांडी पुन्हा घासली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

उघडले! कारण इतकं साधं की स्वतःचाच राग आला. जुना ड्रायव्हर पोर्टांना तीन ते दहा असे नंबर द्यायचा. नवा देतो अकरा ते अठरा. प्रोग्राम बिचारा तीन नंबरचं दार वाजवत बसलेला, आणि तिथे कुणी राहतच नाही. आठ आकडे बदलले.

पण आठही खोल्या मुक्या. दारं उघडी, आत बोलणारं कुणी नाही. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, झेपत नसेल तर सोड, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, तोच तर त्रास आहे. मी सोडेन असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ह्यांनी ओढलेल्या तारेत तीनच धागे आहेत. एक बोलायला, एक ऐकायला, एक जमिनीचा. नवा ड्रायव्हर शिस्तीचा — समोरच्याने "तयार आहे" असा इशारा केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तो इशारा यायला वेगळा धागा लागतो. आपल्याकडे तो नाहीच! म्हणजे हा चार दिवस मान खाली घालून वाट बघत उभा.

माहितीपुस्तिकेचं एकच पान सकाळपासून अकरा वेळा वाचलं. मग प्रोग्राममध्ये एक ओळ घातली : इशाऱ्याची वाट बघू नकोस. चालवला.

४.१ ३.९ ४.० ४.४ ३.८ ४.२ ४.० ४.१

खुर्चीतच बसून राहिले. हमाल डोकावला, विचारायला लागला की काय झालं ताई. आकडे आले, म्हटलं. तोही खूश झाला, कशाबद्दल ते न कळता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कुठला आकडा कुठल्या खोलीचा? सगळेच चारच्या आसपास, तारांची अदलाबदल झाली असेल तर कळणार कसं. एकेका खोलीत जाऊन तापमापकाचं टोक मुठीत धरलं. हमाल पडद्यासमोर बसून ओरडायचा, "ताई, तीन नंबर चढला!" दोन तारा चुकल्याच होत्या. बदलल्या. बोटं बधिर झाली, पण आता आठही आपापल्या जागी.

आज बऱ्याच दिवसांनी रेडिओ लावला.

रविवार, ९ फेब्रुवारी

लिहू की नको.

शेवटची तपासणी म्हणून सहा नंबरची तार काढून बघितली. पडद्यावर ४.२. थांबले. ४.२. चहा पिऊन आले. ४.२! तार माझ्या हातात, आणि पडदा म्हणतोय खोली थंड आहे.

आधी वाटलं माझंच चुकलं. मग ओळ न् ओळ वाचली. पोर्ट वाचला की किती अक्षरं आली ते ड्रायव्हर सांगतो. शून्य आली तर शून्य सांगतो. ह्यांच्या प्रोग्रामने ते विचारलेलंच नाही. नवीन काही आलं नाही की मागचाच आकडा दाखवत राहतो, बारा तास, चोवीस तास, कितीही.

सहा नंबरची खोली. पावणेदोन वर्षं झाली, मे महिना होता. त्या खोलीची वीज गेली, आणि तिच्याबरोबर तापमापकही बंद पडला. सकाळी दार उघडलं तर आत ऊब. खोलीभर औषधं फेकावी लागली. रखवालदार भाऊंनी वहीत तासातासाला चार, चार, चार लिहिलेलं. न बघता लिहिलंस, असं म्हणून मालकांनी त्याच दिवशी काढून टाकलं. भाऊ पुन्हा पुन्हा सांगत होते : "पडद्यावर चारच होते हो." पुढच्या टेबलावर मीच बसले होते. मीसुद्धा विश्वास ठेवला नाही. ह्यांचा प्रोग्राम चुकेल, हे डोक्यातच आलं नाही.

हे तिथेच उभे होते. म्हणाले होते, कॉम्प्युटर आपल्या मनाने आकडा कसा लिहील?

सोमवार, १० फेब्रुवारी

ह्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तर गप्प बसले नसते. दिवसभर एवढंच म्हणत राहिले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला डिस्क घेऊन आला. "काकू, पेशंट वाचला. थोडी स्मृती गेलीय." त्याला चहा दिला आणि तो जाईपर्यंत डिस्कला हात लावला नाही.

आत प्रोग्रामची नंतरची प्रत आहे. तारीख १९ जून, भाऊंना काढल्यानंतरची. तिच्यात शून्य अक्षरांची विचारणा आहे. आकडा आला नाही तर पडद्यावर लाल रेघ. नीट, नेटकं, ह्यांच्या पद्धतीने केलेलं. आणि वर टिपण, इंग्रजी अक्षरांत मराठी : "रीडिंग न आल्यास जुना आकडा राहत होता. सहा नंबरचं तेच झालं. सांगायला हवं."

पुढे काही नाही.

म्हणजे माहीत होतं. गुपचूप दुरुस्त केलं आणि कुणाला सांगितलं नाही.

रडू आलं, आणि त्याच्यामागून जे आलं त्याची लाज वाटते, पण इथे खोटं कशाला लिहू — सुटल्यासारखं वाटलं. तो निवलेला चहा, तो कोरडा "नको", ते भिंतीकडे तोंड करून झोपणं. माझ्यावर राग नव्हता तो. सतरा महिने मी स्वतःच्या चुका शोधत होते. भांडण कधी झालं, काय बोलले, कुठे कमी पडले. माझं काही नव्हतंच.

आणि त्याच वेळी भाऊ कुठेतरी मान खाली घालून फिरत असतील. माझं सुटणं हे असं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

१९ जूनच्या प्रतीत माझे बदल घालून सकाळी मालकांना दाखवलं. त्यांनी स्वतः तार काढली. लाल रेघ आली. फार खूश. कंपनीवाल्यांना माझ्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या मिस्टरांचं काम म्हणजे पक्कं. कधी चूक नाही."

टिपणाचं सांगणारच होते. पण त्यांचा चेहरा इतका मोकळा होता. उद्या सांगू, म्हटलं मनात.

दुपारी भाऊंचं घर शोधत गेले. सुतारांच्या गल्लीत, जिन्याखालची खोली. आता एका शाळेच्या फाटकावर असतात. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली. "बसा वहिनी." मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, घाईघाईत, कुणीतरी थांबवेल या भीतीने. प्रोग्रामचं, जूनचं, टिपणाचं. तुम्ही खरं बोलत होता, म्हटलं.

भाऊ म्हणाले, "ठाऊक आहे मला. ते आले होते."

मी बसले.

तीनदा आले होते म्हणे. पहिल्यांदा भाऊंनी दारातच उभं केलं, आत या म्हटलं नाही. ह्यांनी सगळं कबूल केलं. भाऊ म्हणाले, मला सांगून काय उपयोग, मालकांना सांगा. हे म्हणाले, उद्या सांगतो. पंधरा दिवसांनी पुन्हा आले. हात हलवत, सांगायला काही नाही. पुन्हा उद्या. तिसऱ्यांदा आले तेव्हा भाऊंनी आत बसवलं, पाणी दिलं.

"चिडलो होतो मी, वहिनी. पण तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा बघवेना. म्हटलं, राहू द्या आता, मला काम मिळालंय. तर म्हणाले, नाही, उद्या नक्की."

त्याच आठवड्यात हे गेले.

निघताना भाऊ म्हणाले, झालं गेलं, तुम्ही आता त्रास करून घेऊ नका. माझ्या तोंडात तोच शब्द येत होता : उद्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गोदाम उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले, आणि मालक आत येऊन बसायच्या आधीच सगळं सांगितलं.