उजव्या खिडकीची नोकरी

अण्णा,

आज रविवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत. इतका वेळ मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून एका गाडीच्या बंपरला चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवत होतो. बंपर माझ्या करंगळीपेक्षा थोडा लांब आहे. कागदाला एक जरी सुरकुती पडली तरी सगळा खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. आज तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा हात धुतले आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. तुम्ही होता तेव्हा आपण तिघं एकाच खोलीत झोपायचो, पत्राची गरजच नव्हती. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की तुमच्या फोटोच्या कडा पिवळ्या पडल्यात.

ही छोटी गाडी म्हणजे तुमच्या गाडीचं मॉडेल आहे. म्हणजे गाडी मालकांची, पण चालवत होता तुम्ही. मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीतला साहेब मायदेशी परत जाताना विकून गेलेली आणि आपल्या लाकडाच्या वखारीच्या मालकांनी हौसेने घेतलेली, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. बॉनेट एवढं लांब की तुम्ही म्हणायचात, "आधी गाडी पोचते, मग जरा वेळाने आपण पोचतो." इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी वखारीच्या शेडचा एक सैल पत्रा थरथरायला लागायचा. पेट्रोल भरताना मालक मुद्दाम दुसरीकडे बघत उभे राहायचे. आणि स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला पुढच्या ट्रकची पाठ तेवढी दिसते, समोरून काय येतंय ते दिसत नाही. उजव्या खिडकीशी कुणीतरी बसून सांगावं लागतं. ते काम माझं होतं.

मी आठवीत होतो. शाळेच्या फाटकाशी पोचलो की मला रोज उलटी व्हायची. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आताही येत नाही. अभ्यास जमत होता. शुद्धलेखनात तर एक चूक सापडत नसे. पण फाटक दिसलं की पोटातून वर यायचं. डॉक्टर झाले, अंगारा झाला, मास्तरांनी तुम्हाला बोलावून विचारलं, "मुलगा हुशार आहे हो, पण येतो कुठे?" दुसऱ्या दिवशी मला शाळेऐवजी वखारीत नेलंत आणि मालकांना म्हणालात, "मालक, नगरच्या फेरीला माणूस लागतो. या स्टिअरिंगने एकट्याला ओव्हरटेक करता येत नाही. जोखीम आहे." मालकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हा? ह्याला उलटी होते ना?" तुम्ही म्हणालात, "गाडीत होत नाही." तोवर मी त्या गाडीत एकदाही बसलो नव्हतो.

आणि खरंच, गाडीत झाली नाही. मी उजव्या सीटवर, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून. मालक मागे, पाय दुमडून, कारण मागची सीट अमेरिकेतल्या कुत्र्यासाठीच केली असावी असं त्यांचं मत होतं. तुम्ही विचारायचात, "काय?" मी म्हणायचं, "चला" किंवा "थांबा". दोनच शब्द. "बहुतेक" हा शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी बंद केलात. वाघोली तेव्हा दोन चहाच्या टपऱ्या आणि बाकी शेतं अशी होती. तिथून पुढे उसाचे ट्रक लागायचे, आणि मी "थांबा, थांबा, थांबा" म्हणत राहायचो. लांब कुठेतरी ठिपका दिसला तरी थांबा. झाडाची सावली हलली तरी थांबा. एकदा तर आपण कितीतरी वेळ एका बैलगाडीमागून गेलो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बैलाचं नाव विचारून घे, परत येताना ओळख राहील." पण गाडी मागेच ठेवलीत.

एका दिवशी मालकांना लाकडाच्या लिलावाला वेळेत पोचायचं होतं. पुढे एक टँकर होता. मी थांबा म्हणालो, पुन्हा थांबा म्हणालो. मालक मागून खिडकीबाहेर डोकं काढून ओरडले, "अरे मोकळा आहे रस्ता! धडधडीत मोकळा! ड्रायव्हर तू आहेस की हे पोरगं?" तुम्ही मागे वळला नाहीत. "गाडी मी चालवतो, मालक. रस्ता तो बघतो. तो थांबा म्हणाला म्हणजे थांबायचं." लिलाव चुकला. संध्याकाळी वखारीत मालक तुम्हाला चारचौघांत काय काय बोलले ते मी शेडबाहेर उभा राहून ऐकत होतो. दिवाळीला बाकीच्यांच्या हातात बोनसची पाकिटं पडली, तुमच्या नाही. मला मात्र त्या दिवसाचा पुढे कित्येक वर्षं अभिमान वाटत राहिला. शाळेने मला कुठलाच दाखला दिला नाही, पण एक माणूस माझ्या एका शब्दावर गाडी थांबवत होता. हाच माझा दाखला, असं मी धरून चाललो होतो.

त्याच सुमाराला तुम्ही जुन्या बाजारातून एक खोका आणलात. परदेशी गाडीचं प्लॅस्टिकचं मॉडेल, तुकडे जोडून करायचं. खोक्यावरचं चित्र आपल्या गाडीसारखंच होतं. आत चार टायर, इंजिनाचे तुकडे आणि एक सीट. बॉडीच नव्हती. मी हिरमुसलो, तर तुम्ही म्हणालात, "बॉडी असती तर तू काय केलं असतंस? नुसतं चिकटवलं असतंस." मग आपण तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. तुम्ही वखारीतून सागाचा ठोकळा आणलात, तो घासून गाडीच्या आकाराचा केला आणि त्यावर पत्रा ठोकत बसलो. मोजमापं तुम्ही मालकांच्या गाडीवर टेप लावून घ्यायचात आणि मी लहान करायचो. खऱ्या गाडीतला एक इंच म्हणजे माझ्या गाडीत एक मिलिमीटर आणि वर केसभर. तो केसभर सोडून दिला की शेवटी दार बसत नाही, हे मी तेव्हा शिकलो. रंग स्वयंपाकघरात वाळायचा. आई ताट वाढताना विचारायची, "आज वरणात थिनर हवंय, की थिनरमध्ये वरण?"

पुढे नव्या गाड्या आल्या. मालकांनी थंड हवेची, चार दारांची, उजव्या स्टिअरिंगची गाडी घेतली, तिच्यासोबत नवा, इस्त्रीच्या शर्टातला ड्रायव्हरही घेतला, आणि तुमच्या गाडीवर ताडपत्री पडली. तुम्ही एका कारखान्याची बस चालवायला लागलात. तिथे उजव्या खिडकीशी तुम्ही स्वतःच बसायचात. मी नारायण पेठेत नंबर प्लेटा आणि रेडियमची अक्षरं कापण्याच्या दुकानात लागलो आणि अजून तिथेच आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी दुकानातच होतो. ते सगळं मी इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात दुकानात एकजण आला. तिशी-पस्तिशीचा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बोलायला नम्र. काचेच्या कपाटातल्या माझ्या गाड्या बघून म्हणाला, "ही मॉडेल्स कुठून इम्पोर्ट केली?" मी म्हणालो, "तेलाच्या डब्यातून." तो हसला. मग म्हणाला, "अहो, माझ्याकडे अशीच एक ओरिजिनल आहे. एका वखारीत सडत पडली होती. दोन वर्षं रिस्टोर करतोय. तिची प्लेट करायची आहे, आणि तुम्ही करणार असाल तर मॉडेलपण." त्याने नंबर लिहून दिला. तो मला वाचायची गरज नव्हती. सांगितलं असतं तर त्याला आनंद झाला असता, त्याने मित्रांना सांगितलं असतं, जुन्या गाड्यांच्या रॅलीत मला गाडीशेजारी उभं करून फोटो काढले असते. मी म्हणालो, "मापं घ्यायला यावं लागेल."

तो वाघोलीत राहतो. बैलगाडीमागून आपण रखडलो होतो, तिथेच कुठेतरी आता बारा मजली इमारती आहेत. खाली शेडमध्ये तुमची गाडी उभी होती. रंग नारिंगी, बॉनेटवरून दोन काळे पट्टे. तुमच्या वेळचा तो उडालेला निळा कुठेच उरला नव्हता. इंजिन चालू केलं तेव्हा मात्र मी टेप खाली ठेवला. आवाज तोच होता. मापं झाल्यावर तो म्हणाला, "चला ना, शिक्रापूरपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही उजवीकडे बसा, जरा सांगा रस्ता. बायको बसते, पण ट्रक आला की डोळे मिटते." मी बसलो. सीट नवी होती, खिडकी तीच.

पुढे एक टँकर लागला. तो म्हणाला, "जाऊ का?" मी म्हणालो, "थांबा." त्याने गाडी टँकरपासून थोडी मागे ठेवली, रस्ता डावीकडे वळला तसं टँकरच्या डाव्या अंगाने पुढे बघितलं, सरळ रस्ता आल्यावर मान तिरकी करून उजवीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "क्लिअर आहे की." आणि गाडी काढली. सगळं व्यवस्थित झालं. मी विचारलं, "तुम्हाला तिकडून दिसतं?"

"दिसतं ना. ट्रकला चिकटायचं नाही, मागे राहायचं. डाव्या वळणावर तर आपल्यालाच जास्त दिसतं. सवय झाली की माणूस लागत नाही. मी नवखा आहे, म्हणून आपला धीर म्हणून कुणाला तरी बसवतो. का हो?"

मी म्हणालो, "काही नाही. मॉडेलला माहिती लागते."

पण मला दिसत होतं. तुम्ही ट्रकपासून नेहमी मागे राहायचात. डावं वळण आलं की तुमची हनुवटी थोडी उचलली जायची. आणि त्यानंतर, सगळं बघून झाल्यावर, तुम्ही विचारायचात, "काय?"

घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "अण्णांना त्या गाडीत उजवीकडचं दिसायचं का गं?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तू बसायला लागायच्या आधी सहा वर्षं ती गाडी कोण चालवत होतं? गणपती?" इतकी साधी वजाबाकी मला इतक्या वर्षांत करता आली नव्हती. तीच पुढे म्हणाली, "मालकांना थाप मारून तुला बसवलं. म्हणाले, शाळेत उलटी करतो, घरी ठेवला तर भिंतीकडे तोंड करून बसेल. काहीतरी काम आहे असं वाटू दे."

मला राग आला, हे लिहायला हवं. दोन दिवस मी या मॉडेलला हात लावला नाही. लिलावाच्या दिवशी रस्ता मोकळा होता, मालकांना दिसला, तुम्हालाही दिसला. दिसत नव्हता फक्त मला, आणि माझ्या न दिसण्यावर तुम्ही दिवाळी सोडलीत. माझा दाखला खोटा होता, असं मी त्या दोन दिवसांत स्वतःला पुष्कळदा सांगितलं. मग कामाला बसलो. तुमच्या सीटचं रेग्झीन कापताना लक्षात आलं की थाप मालकांना मारली होती, पण गाडी खरोखरच थांबवली होती. दर वेळी. कुणी नुसतं मन राखायचं म्हणून बैलगाडीमागून इतकं अंतर जात नाही.

त्या माणसाचा परवा फोन आला. स्टिअरिंग उजवीकडे बसवून घ्यायचं ठरवलंय म्हणाला. गॅरेजवाला मिळालाय. तसं केलं की शेजारी कुणी लागणार नाही. मी म्हणालो, बरं होईल. मॉडेलमध्ये कुठल्या बाजूला ठेवू, विचारलं, तर म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल तिथे. मी डावीकडे बसवलंय.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी घालून ठेवेन. पण एक गोष्ट राहिली. आपल्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एकीत मालक नगरलाच राहिले होते आणि आपण रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. संध्याकाळ होती, रस्ता सुना. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, इंजिन चालूच ठेवलंत आणि म्हणालात, "ये इकडे. धर स्टिअरिंग. पाच मिनिटांत शिकशील." मी नको म्हणालो. तुम्ही का विचारलंत, तर भीती वाटते म्हणालो. तुम्हाला ते पटलं, कारण मला सगळ्याचीच भीती वाटायची. मी अजूनही गाडी शिकलेलो नाही. लोक हसतात, गाड्यांचं एवढं वेड आणि लायसन्स नाही. त्या दिवशी मला भीती वाटत नव्हती, अण्णा. गाडी चालवायला आली तर मग मला उजव्या खिडकीशी कोण कशाला बसवेल, एवढंच मनात आलं होतं.