भरवशाचा मदरबोर्ड

४ नोव्हेंबर, मंगळवार
कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला! मी स्वयंपाकघरात भाजी टाकायला गेले, परत येते तर पडदा काळा. भूगोलाच्या पुस्तकाचे दोन धडे टाइप करून पानांत लावून झाले होते. सेव्ह केलं होतं, पण आता ती फाईलच उघडत नाही. प्रेसवाल्यांचा फोन आला. "ताई, तुमचं काम चोख असतं म्हणून थांबतोय. अठरा तारखेला पूर्ण पुस्तक हातात नाही आलं, तर पुढचं काम दुसरीकडे द्यावं लागेल." आवाज गोड होता, पण बोलणं पक्कं.

हे काम गेलं तर मी करू काय? घरात आम्ही दोघं. ह्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं, बोलणं आधीच कमी. नुसती एकमेकांची तोंडं बघत बसायचं? मला भीती वाटते त्याची, लिहून टाकते.

भावजींनी त्यांचा मित्र पाठवला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. कॅबिनेट उघडलं, फुंकर मारली आणि लगेच निदान — "वहिनी, मदरबोर्ड गेला. नवा घ्या." अरे, नीट बघ तरी! इतक्या झटकन तर डॉक्टरही सर्दी सांगत नाही. आणि भावजी लगेच मान डोलावतात. नव्या बोर्डात दोघांचं कमिशन असणार, कुठेतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
दिवसभर लोकांचे अभिप्राय वाचले. एकाच बोर्डाबद्दल एक म्हणतो डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो महिन्यात मेला. स्तुती करणाऱ्यांची भाषा सगळी सारखी. इतकी वर्षं लोकांचा मजकूर लावतेय, एका हाताने लिहिलेलं मला कळतं.

दुकानात गेले. पोरगेलासा विक्रेता माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत विचारतो, "गेमिंगसाठी का?" मग रंगीत दिवे लागणारा बोर्ड दाखवला. बंद पेटीत दिवे कुणासाठी, झुरळांसाठी? मला साधा हवा. तापणाऱ्या भागांवर जाड धातूची पट्टी, तीन वर्षांची हमी, आणि मधेच दगा न देणारा. शेवटचं कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
धरला चोर! दुकानात बोर्ड घ्यायला गेले, तर खोक्याचं सील कापून परत चिकटवलेलं. बोर्ड बाहेर काढायला लावला, खिडकीपाशी नेला. स्क्रूच्या भोकांभोवती गोल ओरखडे — म्हणजे आधी कुठेतरी बसवून काढलेला. विक्रेता म्हणे, "कंपनीतच टेस्ट करतात, मावशी." हो का! मावशीला शेंड्या लावतोय. दुसरा आणायला लावला, तो कोरा निघाला. आज जेवण गोड लागलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुरुस्तीवाल्याने बोर्ड बसवला. मी खुर्ची ओढून समोरच बसले, नजर हलवली नाही. ह्यांनी त्याला चहा दिला, थोड्या वेळाने पुन्हा "चहा घेणार ना?" असं विचारत आले. पाहुणचार फार अंगात!

निघताना दुरुस्तीवाला आणि भावजी जिन्यात कुजबुजत होते. मी दार उघडलं तर गप्प.

११ नोव्हेंबर, मंगळवार
भरवशाच्या म्हशीला टोणगा. वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले तेवढ्यात बंद! दुरुस्तीवाल्याला फोनवर तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेतो. गुन्हेगारच असा ऐकून घेतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुरुस्तीवाल्याने मशीन स्वतःच्या दुकानात नेऊन दिवसभर चालवून आणलं. एकदाही बंद पडलं नाही म्हणतो. "वहिनी, बोर्ड ठणठणीत आहे. घरात लहान मूल वगैरे येतं का कुणी? कॅबिनेटचं बटण दाबून धरलं तर असंच होतं." बघा, आता खापर माझ्या घरावर! म्हटलं, इथे दोन म्हातारी माणसं राहतात, पाळणाघर नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर सुरळीत. हे भावजींकडे गेले होते, घर शांत. पाच धडे लावले. इतकं नीट चाललं की त्याचाच संशय येतोय.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज ठरवलंच, बोर्डाला रंगेहाथ पकडायचं. संध्याकाळी मशीन चालू ठेवून "भाजी आणते" म्हणाले, चपला वाजवल्या आणि दारामागे उभी राहिले.

हे आले. वाकले. कॅबिनेटचं बटण दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत. मग माझी खुर्ची टेबलाखाली सारली आणि गेले.

हे! मी दुकानदाराला चोर म्हटलं, भावजींना दलाल म्हटलं, आणि हा उद्योग ह्यांचा! माझं काम डोळ्यांत खुपतंय. स्वतःचं संपलं, म्हणून माझंही संपवायचं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आयुष्य काढलं ह्यांनी, बटण दाबून धरल्यावर काय होतं हे ह्यांना कळत नाही असं थोडंच आहे? म्हणजे मुद्दाम! जेवताना ह्यांचं ताट आपटूनच वाढलं. ह्यांनी मात्र विचारलं, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" इतका राग मला कधी आला नव्हता. उद्या समोरासमोर.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शेवटचा धडा राहिला होता. आज लपले नाही, खुर्चीतच बसून राहिले. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

हे आले. खिडकीची कडी लावली, पंखा बंद केला. शर्ट पॅन्टमध्ये खोचलेला, हातात घराच्या किल्ल्या. मला बघून जरा थबकले, मग अदबीने म्हणाले, "मॅडम, लॅब बंद करायची वेळ झाली. उठता का आता? घरी वाट बघत असतील तुमची."

तोंडातून एवढंच निघालं — "हो, उठतेच." काम सेव्ह केलं, मशीन बंद केलं आणि त्यांच्याबरोबर बाहेर आले.