काळोखाच्या दाराशी

आई, तुझ्या गोष्टीतली ती मुलगी शेवटी त्या दारातून आत गेली की परत फिरली, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. आता ते मला ठरवायचंय. इथल्या मराठी मंडळींसाठी मी तिचं नाटक लिहिलंय, उद्या सकाळी शेवटचा प्रवेश मुलांच्या हातात द्यायचाय. बाकी सगळं तुझंच आहे. शेवट तेवढा नाही.

भंवरकुआं भागातलं ते दोन खोल्यांचं घर आठवतं. बाबांची नोकरी सुटली आणि तू होस्टेलच्या मुलांचे डबे करायला लागलीस. मी पालथ्या पिंपावर बसून पोळ्यांना तूप लावतेय आणि तू लाटता लाटता सांगतेस: एक मुलगी आहे, सूर्य विझलेल्या ग्रहांवर ती यानातून उजेड पोचवते. तारा मुठीत धरला की तो तिचं ऐकतो. ग्रह सगळे तुझ्या ओळखीचे, सियागंजच्या मसाला बाजारात पोत्यांतून पाहिलेले. एक मिरचीसारखा लाल, उतरताच ठसका लागणारा. एक नुसत्या हळदीच्या धुळीचा. शेवटच्या डब्याचं झाकण लागलं की गोष्ट थांबायची, आणि मी रडकुंडीला येऊन शाळेत जायचे.

एकदा होस्टेलमधून निरोप आला, “आंटीजी, दाल में पानी ज्यादा है.” दुसऱ्या दिवशी गोष्टीतल्या एका ग्रहावरचे लोक त्या मुलीला म्हणाले, तुझा उजेड पातळ आहे. तिने मूठ आवळली आणि त्यांचा सूर्य विझवून टाकला.

“आई! ती चांगली आहे ना?”

“चांगलीच आहे. दमलीये पण.”

“आणि ते लोक? अंधारात?”

“बसू देत थोडा वेळ.”

असं म्हणून तू हसलीस. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. मी वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी मुलगी! तिथेच उभी राहून, हात वर करून मी सांगितलं की उजेड देणाऱ्याला तो काढून घ्यायचा अधिकार नाही, काळोखाशी तडजोड करणारा काळोखाचाच होतो. तू सगळं ऐकून घेतलंस. “झालं भाषण? परात सरकव इकडे.”

त्यानंतर गोष्टीत काळोखाचा धनी आला. त्याला शिंगं नव्हती, तो गडगडाटी हसतही नव्हता. तारे संपतात तिथे त्याचं घर होतं, आणि ती दिसली की तो एवढंच विचारायचा, “जेवलीस का?” एवढ्या ग्रहांवर ती उजेड घेऊन गेली, तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणायचा, आत ये, इथे कुणाला तुझा उजेड लागत नाही. फक्त तू आत आलीस की मागचे सगळे सूर्य विझतील, तेवढं ठरव. एका सकाळी तिने त्या दारावर हात ठेवला. तू बोलायची थांबलीस. तव्यावर पोळी काळी पडतेय, धूर होतोय, तुझं लक्ष नाही. मी तुझा पदर धरून ओरडतेय, “ती आत जात नाही! परत फिरते, सांग ना!” तू माझ्याकडे बघितलंस, कुणा अनोळखी मुलीकडे बघावं तसं. “बघू,” म्हणालीस. त्यानंतर कितीतरी दिवस ती दाराशीच उभी होती. मग तू म्हणालीस, मोठी झालीस, आता गोष्टी कसल्या. आणि मी कॉलेजात असताना तू आजारात गेलीस.

नाटकाचं कळलं म्हणून परवा मावशी देवासहून आली. चहा पिता पिता सहज बोलून गेली, “डबे करायची ना, तेव्हा एका थंडीत तुझ्या आईने मला विचारलं होतं, मी आले तर ठेवशील का? मी म्हटलं, ये की, लेकीलाही आण. तर म्हणे, नाही गं, एकटीच.” तुझ्या मनात दुसरं कुणी होतं, की तुला फक्त झोप हवी होती, मावशीला ठाऊक नाही. तू तो विषय पुन्हा काढलाच नाहीस. मीही मावशीला पुढे काही विचारलं नाही. गप्प बसणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी जमलं.

मी शेवट लिहिला होता, ती परत फिरते. नाटकात तिचं काम करणारी मुलगी सिमरोलला इंजिनिअरिंग शिकते. आज तालमीत तिने कागद खाली ठेवले. “ताई, तुम्ही तर माईकवर एकदम बिनधास्त बोलता, की बाईने कुणाची परमिशन घ्यायची नाही, मनात आलं तर निघून जायचं. मग हिला दरवाज्यावरून वापस का आणता? हे तो चीटिंग झालं ना!”

सगळे हसले. मीही हसले, आणि म्हटलं, उद्या सांगते.

ती बरोबर बोलली, आई. मी व्यासपीठावर जे बोलते त्यातला शब्द न् शब्द मला पटलेला आहे. सगळ्या सूर्यांचं ओझं एका मुलीच्या मुठीत ठेवणारे लोक, आणि ती दमली की तिलाच काळोखाची ठरवणारे, हा अन्याय आहे, आणि मी तो उद्याही म्हणेन. म्हणून आत्ता मी शेवट बदलला. ती आत जाते. मागे एकेक सूर्य विझत जातो. आतून आवाज येतो, “जेवलीस का?” आणि ती म्हणते, “नाही.” पडदा.

लोक टाळ्या वाजवतील, काही चिडतील, मी दोघांशीही भांडेन. हे पत्र मात्र कुणाला वाचून दाखवणार नाही. कारण मावशी बोलली तेव्हा आधी तुझा थकवा दिसायला हवा होता. तो नंतर दिसला. आधी मला एवढंच वाटलं, बरं झालं, तू मला सोडून गेली नाहीस.