लोईकचे कान

दुआर्नेने, १४ मार्च २०२४

प्रिय एनोरा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहायला बसले आणि तीनदा काहीतरी काम काढून उठले. एकदा तर धुतलेल्या खिडक्याच परत धुतल्या. पॅरिसच्या संगीत कंपनीने तुला करार देऊ केला, बाबाचं नाव पुढे चालवायला सांगितलं, याचा मला आनंद झाला नाही असं नाही. पण तू लिहिलंस, ‘बाबाचं सगळं तूच बघायचीस, आता माझंही बघ.’ खरंय. बावीस वर्षं मीच बघत होते. ते कसं बघितलं, हे तुला कुणीच सांगितलेलं नाही, कारण ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

सुरुवातीचं थोडं तुला ठाऊक आहे. तुझी आजी आन्नाइक सार्डिनच्या कारखान्यात होती, मी मासळीच्या लिलावघरात पावत्या लिहायचे. तुझा बाबा लोईक बेकार होता. एक दिवस तो टेपरेकॉर्डर कोटाखाली लपवून आजीच्या कारखान्यात शिरला आणि डबे बंद करणाऱ्या यंत्राची खडखड भरून घेऊन आला. घरी तीच खडखड कापून, जोडून, खाली जाड ठोका घालून तासन्‌तास वाजवत बसला. आजी कामावरून आली, चपला काढल्या आणि ओरडली, “अरे मेल्या, आठ तास हेच ऐकून माझं डोकं उठलंय, आणि तू ते घरी आणून परत ऐकवतोस?” लोईक म्हणाला, “आई, तुला याचा पगार मिळतो, मला अजून मिळायचाय.” आजी हसू दाबत आत गेली आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात बटाटे सोलताना तिचा पाय ठोक्यावर हलत होता. मी तिथेच बसले होते, मी ते बघितलं. याचं काहीतरी होणार असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

व्यासपीठावरचं त्याचं नाव मीच सुचवलं, ‘मारे-बास’. ओहोटी. ओहोटीच्या वेळीच आपल्या बंदरात जरा शांतता असते आणि हा तर नुसता गोंगाट करतो, म्हणून थट्टेने. ते चिकटलं. माझ्या भावाच्या मासळी वाहायच्या गाडीत स्पीकर भरून आम्ही आपल्या ब्रेतान्य प्रांतभर शेतांमध्ये, ओस पडलेल्या गोदामांमध्ये वाजवत फिरलो. मग पॅरिस, पहिली तबकडी, मग बर्लिन, ओसाका, साओ पावलो. तू झालीस तेव्हा तो लिस्बनला होता. तुझी आई सिल्वी त्याच्यावर त्यासाठी कायमची चिडली. पण त्या दिवशी परत यायचं विमान होतं, आणि मी ते रद्द करून दुसरा कार्यक्रम घेतला होता, हे तिला कधी कळलं नाही. लोईकने माझं नाव सांगितलंच नाही.

कान कधी बिघडला, हे नक्की सांगता येणार नाही. तू साधारण बारा वर्षांची असताना तो मला गाडीत म्हणाला, “आर्मेल, तू हल्ली पुटपुटायला लागलीस.” मी म्हटलं, “तूच म्हातारा झालास.” दोघंही हसलो. वर्षभरात तो डाव्या कानाशी फोन धरेनासा झाला. २०१३च्या शरदात मी त्याला रेन शहरातल्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. “डावा संपलाय. उजवा अजून वाचवता येईल, पण हे काम आजपासून बंद करायचं. पुढच्या वर्षीपासून नाही, आजपासून.” लोईकने त्यांच्या ओठांकडे बघत मान डोलावली. बाहेर बाकावर बसून त्याने सिगारेट पेटवली आणि म्हणाला, “सुटलो गं. खरं सांगू? मी थकलोय. एनोराच्या शाळेजवळ घर घेतो. तू सांग, काय करू?”

एनोरा, त्याने मला विचारलं होतं. त्याला थांबायचंच होतं, फक्त कुणीतरी ‘थांब’ म्हणायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्याच्या एकतीस तारखा मी नुकत्याच ठरवल्या होत्या, त्यात त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ होतं. मी म्हटलं, “हा एक उन्हाळा. मग सन्मानाने थांबू.” त्याने सिगारेट संपवली. मग म्हणाला, “तुला वाटतंय ना, मग ठीक.” एका उन्हाळ्याचे दोन झाले.

कसे झाले, तेही ऐक. लोईकला दोन गाणी एकमेकांत मिसळणं जमेना, म्हणून मी आधीच सलग जोडलेला दीड तास तयार करून घेतला. यंत्र तो सुरू करायचा, पुढे सगळं आपोआप चालायचं. उरलेला कान वाचावा म्हणून कानांत मेणाच्या गोळ्या, वर जाड हेडफोन. तो बिनकामाची बटणं फिरवायचा, हात उंच करायचा. व्यासपीठाच्या फळ्यांमधून पायाला ठोका लागायचा, तेवढाच त्याला आधार. मी बाजूला उभी राहून बोटांनी सांगायचे, आता चढतंय, आता उतरतंय. पहिल्यांदा खाली उतरल्यावर तो म्हणाला, “बाहुली नाचवतेस झकास.” मी त्यावर हसले. तो हसला नव्हता.

२०१५च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेत एका गावाबाहेर दुपारचा कार्यक्रम होता. ऊन रणरणत होतं. चार वाजता जनित्र बंद पडलं. दिवस असल्याने दिवे गेलेले कळायचा प्रश्नच नव्हता, आणि शेजारच्या व्यासपीठाचा ठोका जमिनीतून त्याच्या पायाला लागत होता. गाणं थांबलं होतं आणि तुझा बाबा नाचत होता. बटणं फिरवत होता, डोळे मिटून हात वर करत होता. आधी लोकांना गंमत वाटली. मग कुणीतरी ओरडलं, “अरे, हा तर काहीच वाजवत नाहीये!” शिट्ट्या, हसणं, फोन वर झाले. खूण करायला मी तिथे नव्हते. मंडपामागे पुढच्या वर्षीच्या तारखा ठरवत होते. मी धावत आले तेव्हा त्याने डोळे उघडले होते आणि पुढच्या रांगेतली तोंडं एकेक करून बघत होता. त्याने हेडफोन काढले, मेण काढलं, आणि तरीही लोक काय ओरडतायत ते त्याला कळलं नाही. दुसरा हात तसाच वर राहिला होता. तो मी धरून खाली आणला.

ती चित्रफीत तूही बघितलीस. तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस, आणि शाळेतल्या मुलींनी तुला तिच्यावरून छळलं. सगळे म्हणाले, लबाड निघाला, लोकांना फसवत होता. लोईक म्हणाला, “सांगून टाकू या ना, मी बहिरा झालोय म्हणून.” मी म्हटलं, “मग दोन वर्षं काय वाजवलं असं विचारतील. लबाड म्हणवून घेतलेलं परवडलं, लोक विसरतात.” त्याने तेही ऐकलं.

तो इथे परत आला, गावात कुणाशी बोलेनासा झाला. हिवाळ्यात उजवा कानही पुरता गेला. तू फोन करायचीस, तो उचलून लगेच ठेवून द्यायचा. मग उचलायचाच बंद झाला. तुला वाटलं, बाबाला बोलायचं नाही. फोनच्या पडद्यावर तुझं नाव आलं की तो फोन हातात धरून ते जाईपर्यंत बघत बसायचा. मी म्हटलं, “तिला लिहून कळव.” तो म्हणाला, “बापाची लाज वाटतेय तिला. त्यात आणखी हे कशाला?”

फेब्रुवारीतली ती सकाळ. ओहोटीत समोरच्या बेटाकडे जायची वाट उघडते, तिथे तो रोज चालायला जायचा. वेळेचा हिशेब चुकला की नाही चुकला, मला माहीत नाही, आणि खोटा दिलासा मी देणार नाही. धक्क्यावरच्या येवेनने पाणी चढताना बघितलं. तो गळा फाटेपर्यंत ओरडला, होडीचा भोंगा वाजवला. लोईक पाठमोरा चालत राहिला, त्याने मान वळवली नाही. येवेनने हेच सगळ्यांना सांगितलं, आणि गावाने अर्थ लावला: हाका ऐकूनही तो मागे फिरला नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी तू मला विचारलंस, “माझी आठवण आली असती तर तो वळला असता ना गं?” मी तुला जवळ घेतलं आणि गप्प राहिले. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. त्याला ऐकूच आलं नव्हतं, एनोरा. भोंगा नाही, हाक नाही, काहीच नाही. आठ वर्षं मी ते वाक्य गिळून बसले, त्याचं नाव राखायला असं स्वतःला सांगत. राखत होते ते स्वतःला.

आता हे का लिहिलं, तर तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीसाठी. तू सहज लिहिलंस, ‘हल्ली वाजवून आलं की दुसऱ्या दुपारपर्यंत कानात शीळ वाजत राहते, मजाच आहे.’ ती मजा नाही. आज सकाळी मी रेनला फोन केला. त्या डॉक्टरीणबाई अजून काम करतात. २६ तारखेला मंगळवारी, सकाळी साडेदहाला तुझी वेळ घेतली आहे. बाबाची तपासणीची सगळी कागदपत्रं सोबत पाठवते, ती त्यांना दाखव. तुझं काम मी बघणार नाही, कुणाचंच बघणार नाही. सिल्वीला बरोबर ने, आणि हे पत्र तिलाही वाचायला दे. बाई ‘थांब’ म्हणाल्या, तर पुढे काय करायचं ते मला विचारू नकोस. थांब.

तुझीच,
आर्मेल