भाईचं पाऊल आणि नवं मशीन

रत्नागिरी, नोव्हेंबर २००५, मंगळवार संध्याकाळ

भाईला आज मुंबईहून इथे तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना दाखवून आणलं. मासेमारीच्या ट्रॉलरवर पडून त्याचा मणका मोडला, तेव्हा त्यांनीच पाठीत स्क्रू बसवले होते. एक स्क्रू नसेला लागला आणि उजवं पाऊल कायमचं लुळं पडलं.

डॉक्टर आज खुशीत होते. "नवं मशीन आलंय. स्क्रू कुठे चाललाय ते आता ऑपरेशन करतानाच पडद्यावर दिसतं."

भाईने विचारलं, "मग माझ्या वेळी कसं बघितलंत?"

"अनुभवाने. थोडं अंदाजाने."

अंदाजाने! आणि ते पाऊल?

भाई म्हणाला, "चला, पुढच्यांचं तरी भलं होईल." मला चीड नक्की कुणाची आली? डॉक्टरांची, की त्याच्या या भलेपणाची?

बाहेर येऊन रिक्षात बसलो. तेव्हा तो रिक्षावाल्याला हळूच म्हणाला, "मिरकरवाड्यावरून नको नेऊ. तिथे बोटी दिसतात."