बोरटेकची डीपी जागेवरच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीज वितरण कार्यालय,
पिंपळगाव राजा रस्ता, जि. बुलढाणा.

विषय : गावची डीपी (रोहित्र) काढून अकरा हजारांची लाईन थेट घराघरांत न जोडणेबाबत.

संदर्भ : मौजे बोरटेक ग्रामसभेचा ठराव, ज्यावर अर्जदारांचीही सही आहे.

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार हे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक आहेत. संध्याकाळी गावात दिवे मिणमिणतात आणि पिठाची गिरणी कण्हत फिरते, म्हणून ग्रामसभेत विषय निघाला. तेव्हा कोणी विचारलेले नसताना अर्जदार डीपीचे काम समजावून सांगण्यास उभे राहिले. डीपीत अकरा हजार व्होल्ट येतात व घरात दोनशे तीस पोचतात, एवढे बोलून ते पाणी पिण्यास थांबले. तेवढ्यात तानुबाई उठल्या.

"अकरा हजार येते अन् आपल्याले दोनशे तीस भेटते. मंग मंधातली सारी लाईट हे डीपीच खाऊन राह्यली ना?"

टाळ्या पडल्या आणि डीपी काढून टाकण्याचे ठरले. अर्जदारांचे पुढचे भाषण कोणी ऐकले नाही, म्हणून ते येथे पुरे करीत आहेत.

डीपी काहीही खात नाही. तिच्यात लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. ती एकमेकांना शिवत नाहीत. पहिल्यातल्या उलटसुलट प्रवाहाने लोखंडातले चुंबकत्व बदलत राहते व त्यामुळे दुसऱ्यात वीज उपजते. दुसऱ्याचे वेढे कमी, म्हणून दाब कमी. मात्र त्याच पटीत प्रवाह वाढतो. दूरवरून वीज कमी दाबाने आणली तर प्रवाह मोठा लागतो व बरीच वीज तारा तापवण्यातच जाते. म्हणून ती मोठ्या दाबाने आणून गावाजवळ उतरवून घ्यायची. आहे त्या डीपीवर भार जास्त झाला आहे, गावाला खरे तर आणखी एक हवी.

सहीबाबत खुलासा असा की, आमच्याकडे सभेत शिरतानाच हजेरी म्हणून रजिस्टरवर सही घेतात व ठराव मागाहून वरच्या मोकळ्या जागेत लिहितात. त्यामुळे ठराव एकमताने मंजूर आहे.

घरे पेटतील, माणसे मरतील, असे अर्जदारांनी सरपंच भगवानरावांना हात जोडून सांगितले. सरपंचांनी चहा पाजला आणि डीपीची लबाडी उघडकीस आणल्याबद्दल पहिली जोडणी मानाने अर्जदारांच्याच घरी देण्याचे ठरवले. सोमवारी सकाळी दहाला गावचा खाजगी वायरमन जीवन खांबावर चढणार आहे. अर्जदारांच्या सौ. शरयू यांना अर्जदारांचे म्हणणे पूर्ण पटले आहे, तरी पाहुणे येणार म्हणून त्यांनी रव्याचे लाडू करायला घेतले आहेत. अर्जदारांना खरोखर भीती वाटते.

तरी सोमवारपूर्वी जातीने येऊन हे काम थांबवावे व दुसरी डीपी मंजूर करावी, ही विनंती.

आपला नम्र, व सोमवारी दहापर्यंत खात्रीने हयात,
चिंतामण मुकुंद पाठक
मौजे बोरटेक, दि. ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

सोबत :
१) ठरावाची नक्कल.
२) सोमवारच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका. तीत अर्जदारांच्या घरचे पहिले बटण दाबणारे प्रमुख पाहुणे म्हणून आपले नाव आहे.