कोंबडीच्या पंजाचा डायनासोर

बाबा, शाळेच्या भिंतीवरच्या त्या डायनासोरबद्दल लिहायला बसले आहे. तुमसरच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचात तुम्ही. आमच्या हेडमास्तरांनी भिंतीचं काम दिलं आणि सांगाड्याचं एक छापील चित्र हातात ठेवलं. तुम्ही घरची कोंबडी काखेत धरून दुपारभर तिचा पंजा न्याहाळत बसलात. आई करवादली, "अंडे देते ते, तिले काहून छळता?" तुम्ही म्हणालात, "इचा पंजा पाह्य, त्या सांगाड्यासारखाच हाय."

मी सहावीत, एक पुस्तक वाचून शहाणी झालेली. भिंतीसमोर सगळी शाळा जमली आहे, तुम्ही शिडीवर आहात आणि मी मोठ्यानं सांगते आहे, "बाबा, चुकलं. डायनासोर म्हंजे मोठी पाल. त्याची शेपूट भुईवर घासते. कोंबडीचे पाय कायले काढले?" पोरं खिदळली. तुम्ही हळूच म्हणालात, "एवढी जड शेपूट घासत नेली तं चालन कसा तो?" हेडमास्तर हसले, "काय पेंटर, पोरीले समजते अन् तुमाले नाही?" तुम्ही पंजे पुसलेत, शेपूट खाली ओढलीत. नंतर कुठल्याच शाळेची भिंत रंगवली नाहीत. राईस मिलमध्ये पोत्यांवर मार्के मारत राहिलात, तिथल्याच कोंड्यानं छाती भरली. तुम्ही मला एकदा तरी रागवायला हवं होतं. मी नववीत असताना तुम्ही गेलात, तेव्हाही भिंतीवर माझी पालच होती.

आता साकोलीकडच्या एका शाळेत मी मुलांना शिकवते. डायनासोर म्हणजे मोठी पाल नव्हे. ते शेपूट उचलून चालत. सगळेच अवाढव्य नव्हते, काही कोंबडीएवढे होते. त्या जुन्या डायनासोरांना माणसानं कधी पाहिलं नाही, पण त्यांचा वंश संपलाही नाही. अंगणातली कोंबडी त्यांच्याच कुळातली. मुलं डोळे विस्फारतात.

गेल्या आठवड्यात आमची भिंत रंगवायला एक पेंटर आला. "मॅडम, याचे पाय कसे काढू?" मी म्हटलं, कोंबडीचा पंजा बघून काढा, शेपूट वर ठेवा. तो खूश झाला. "हे तुमाले कोनं सांगितलं?"

माझे वडील पेंटर होते, एवढं तोंडापर्यंत आलं होतं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "पुस्तकात आहे."